ह्यूमिक द्रव्ये : औषधी उपयोग व विदर्भ

ह्यूमिक द्रव्ये : वनस्पती व सूक्ष्मजीवांचे अवशेष कुजून तयार होणारी गडद तपकिरी ते काळ्या रंगाची संमिश्र कार्बनी द्रव्ये. पीट (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा थर), लिग्नाइट (तपकिरी कोळसा), कुजलेले शेणखत, तळ्याचा गाळ व शिलाजीत यांत ती आढळतात. अल्कलीत विरघळणारे पण तीव्र अम्लात साक्याच्या रूपाने खाली बसणारे ते ह्यूमिक अम्ल, अल्कली व अम्ल दोन्हींत विरघळणारे ते फुल्विक अम्ल आणि दोन्हींत न विरघळणारे ते ह्यूमिन, असे त्यांचे गट पाडतात. विदर्भातील गावांत या द्रव्यांशी संबंध येतो तो मातीच्या लेपातून, शिलाजितातून आणि अलीकडे कृषी केंद्रातील ‘ह्यूमिक’च्या बाटलीतून.

पीटपासून अल्कलीच्या साहाय्याने काळा अर्क प्रथम काढला तो जर्मन रसायनज्ञ फ्रान्झ आखार्ड यांनी, १७८६ मध्ये. मूळ कृती आजही तीच आहे. मातीत अशी मोठ्या रेणूंची स्वतंत्र द्रव्ये खरोखर असतात का, याविषयी मात्र एकमत नाही. लिग्निन व प्रथिने यांच्या संयोगातून ती बनतात, असे मत मृदा-सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सेलमन वाक्समन यांनी मांडले होते. मृदाशास्त्रज्ञ योहानेस लेहमान व मार्कुस क्लेबर यांनी २०१५ मध्ये ही कल्पनाच नाकारली. त्यांच्या मते अल्कलीने जे निघते ते मुख्यतः त्या कृतीचेच फलित होय. मातीत असतात ते विघटनाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवरील अवशेष. मातीपुरते हे मत अधिक ग्राह्य दिसते. औषधाच्या दृष्टीने अडचण वेगळी आहे : प्रत्येक उगमाचा अर्क निराळा असल्याने एकावरचा निष्कर्ष दुसऱ्याला लागू करता येत नाही.

काळ्या जमिनीचा रंग : काळी, मोरंड, खरडी व बरडी या जमिनींपैकी काळी ती कसदार, म्हणून तिच्यात ह्यूमस (कुजलेल्या अवशेषांचा काळा अंश) भरपूर, असा समज आहे. परीक्षणात मात्र वऱ्हाड-नागपूरकडच्या काळ्या जमिनींतील सेंद्रिय कर्ब बहुधा १ टक्क्याहून कमी भरतो. मग रंग कशाचा? ही जमीन दख्खनच्या बेसाल्ट खडकापासून बनलेली असल्याने, विसाव्या शतकाच्या आरंभीच्या अभ्यासकांनी काळेपणाचे श्रेय प्रामुख्याने टायटॅनियमयुक्त मॅग्नेटाइट या लोहाच्या काळ्या खनिजाला दिले. पुढे स्मेक्टाइट गटातील चिकणमातीचे सूक्ष्म कण आणि अल्पसा ह्यूमस यांचा घट्ट संयोग हे कारण पुढे आले. उन्हाळ्यात भेगा पडून पावसाळ्यात फुगणारी माती ती हीच. तिच्या कणांना चिकटलेला थोडासा ह्यूमसही साऱ्या थराला काळिमा देऊ शकतो, हे स्पष्टीकरण आज अधिक मान्य आहे. मॅग्नेटाइटचा वाटा पूर्णपणे नाकारलेला नाही. कोणतेही मत धरले तरी मातीचा काळेपणा हे तिच्यातील औषधी द्रव्याचे माप ठरत नाही.

मातीचे उपचार : गांधीलमाशीच्या दंशावर वा मुक्या मारावर ओली माती लावण्याची रीत सर्वपरिचित आहे. १९३६ पासून सेवाग्राम येथे राहिलेल्या गांधीजींनी पोटावर व डोक्यावर मातीच्या पट्ट्या ठेवण्याचा पुरस्कार केला. १९४२ मध्ये आगाखान पॅलेसमधील कैदेत लिहायला घेतलेल्या ‘आरोग्याची किल्ली’त त्यांनी मातीची निवड सांगितली आहे : नदीच्या गाळाची, मऊ, रेताड नाही व चिकटही नाही अशी, खत घातलेल्या शेतातली कधीही नव्हे, वाळवून, कुटून, बारीक चाळणीने चाळलेली आणि शंका असल्यास तापवलेली. चिकट काळी व खताची या दोन्ही माती त्यातून आपोआप बाद होतात. म्हणजे ह्यूमिक अंश असण्याचा संभव जिच्यात अधिक, ती खताची मातीही येथे वर्ज्य आहे. या पट्टीचा गुण गारवा व ओलावा यांचा मानावा. मध्य युरोपातील पीटस्नानाशी तिची तुलना करता येत नाही. तेथील पीट बव्हंशी सेंद्रिय असते. उघड्या जखमेवर माती लावू नये, कारण धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात.

शिलाजीत : चरकसंहितेत याचे सोने, रूपे, तांबे व लोखंड या धातूंनुसार चार प्रकार असून लोहज श्रेष्ठ मानला आहे. सुश्रुत कथील व शिसे धरून सहा सांगतो व मधुमेहावर त्याची योजना करतो. ज्येष्ठ-आषाढाच्या उन्हाने तापलेल्या खडकातून लाखेसारखा रस पाझरतो, असे त्याचे वर्णन आहे. उगम खनिज की वनस्पतिज, हा वाद जुना आहे. हिमालयातील निवडुंगासारख्या चिकाळ थोरापासून ते होते, असे काहींचे मत. शेवाळवर्गीय वनस्पतींपासून होते, असे इतरांचे. बनारस हिंदू विद्यापीठातील शिबनाथ घोषाल यांच्या विश्लेषणात त्याचा मोठा भाग ह्यूमिक द्रव्यांचा, विशेषतः फुल्विक अम्लाचा, आढळला व डायबेंझो-अल्फा-पायरोन ही कार्बनी संयुगेही मिळाली. त्यामुळे वनस्पतिज उगमाकडे कल झुकतो. आठवडी बाजारातला विक्रेता पेल्यातील पाण्यावर खडा टाकून खाली उतरणारे तपकिरी तंतू दाखवतो. ही परीक्षा ग्रंथोक्त आहे, पण शिसे किंवा आर्सेनिक तिने कळत नाही. त्रिफळ्याच्या काढ्याने शोधन न केलेले शिलाजीत घेऊ नये. शोधनानंतरही जड धातूंची प्रयोगशाळेतील तपासणी आवश्यकच.

आधुनिक पुरावा : ह्यूमिक अम्लावरील कार्बॉक्सिल व फिनॉल गटांमुळे त्याला ऋण भार येतो. हर्पीस सिम्प्लेक्स विषाणूच्या आवरणाला ते चिकटते व विषाणू पेशीला लागू देत नाही, हे काचपात्रातील प्रयोगांत दिसले आहे. माणसावरील पुरावा तोकडा आहे. जनावरांबाबत स्थिती बरी. युरोपीय औषध मूल्यमापन संस्थेच्या पशुवैद्यक समितीने १९९९ मध्ये ह्यूमिक अम्लांचा आढावा घेतला. हगवण, अपचन व विषबाधा यांत प्रति किलो वजनास ५०० ते २,००० मिग्रॅ. तोंडावाटे देण्याची नोंद तीत आहे. आतड्यातून ते फारसे शोषले जात नाही; आतील त्वचेवर थर धरते व विष बांधते. यवतमाळात २०१७ मध्ये फवारणीतून झालेल्या विषबाधेसारख्या प्रसंगी माणसाला त्याचा आधार घेता येणार नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशकांवर अ‍ॅट्रोपिन हा उतारा व रुग्णालय हाच उपाय.

अपायाचीही बाजू आहे. तैवानच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावरील काळपाय रोगाचे (यात रक्तपुरवठा बंद पडून पाय काळा पडतो) मुख्य कारण विहिरीच्या पाण्यातील आर्सेनिक मानले जाते, पण त्याच पाण्यातील ह्यूमिक द्रव्यांचाही त्यात हात असावा, असे काही संशोधक मानतात. अशा पाण्यात क्लोरीन टाकल्यास ट्रायहॅलोमिथेने ही अपायकारक संयुगे तयार होतात, हे १९७४ मध्ये दाखवले गेले.

कृषी केंद्रातील ‘ह्यूमिक’, म्हणजे ठिबकमधून सोडायचे पोटॅशियम ह्यूमेट, बहुधा लिओनार्डाइटपासून (ऑक्सिडीभूत लिग्नाइटपासून) काढतात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर ते खत नियंत्रण आदेशात जैव-उत्तेजक म्हणून येते. पोटात घेण्यासाठी त्याची तपासणी झालेली नसते. ते माणसाला वा गुरांना पाजू नये.