एक गोळा, एक गाडी

कापसाच्या हंगामात जळगावकडच्या एखाद्या जिनिंगच्या कचेरीत दोन दिवाणजी एकाच साठावहीवर काम करत आहेत, असे समजा. वहीत शिल्लक ८४० क्विंटल आहे. पहिल्याने आकडा वाचला, नव्या आवकेचे २० मनातल्या मनात मिळवले आणि तेवढ्यात त्याला काट्यावरून हाक आली. दरम्यान दुसऱ्याने तोच ८४० वाचून आपले ३५ मिळवले आणि ८७५ लिहून तो मोकळा झाला. पहिल्याने परत येऊन मनातला ८६० वहीत उतरवला. कापूस आला ५५ क्विंटल, वहीत चढला २०. आणि बेरीज दोघांपैकी कोणाचीच चुकलेली नाही.

ऑपरेटिंग सिस्टीम एकाच प्रोसेसरवर अनेक कामे आळीपाळीने चालवते, तेव्हा हाच धोका असतो. टायमरचा इशारा आला की चालू कामाचे रजिस्टरांतले (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या साठवणजागांतले) आकडे जपून ठेवून ती दुसऱ्याला पाळी देते. ‘संख्या एकाने वाढव’ ही प्रोग्रॅममधली एक ओळ प्रोसेसरसाठी बहुधा वाचणे, मिळवणे आणि लिहिणे अशा तीन पायऱ्यांची असते, आणि पाळी त्यांच्या अधेमध्ये कुठेही संपू शकते. ती नेमकी तिथेच संपण्याचा योग क्वचित येत असल्याने हा दोष चाचणीत सहसा सापडत नाही, हे त्याचे खरे उपद्रवमूल्य.

यावरचा उपाय भुसावळच्या जुन्या रेल्वे कर्मचाऱ्यांना चटकन कळेल. एकेरी मार्गावर टोकनचा गोळा हाती आल्याशिवाय चालक गाडी पुढे नेत नसे, आणि दोन्ही स्टेशनांतली यंत्रे विजेने अशी जखडलेली असत की एका वेळी एकच गोळा बाहेर निघे. डच शास्त्रज्ञ एड्सगर डाइक्स्ट्रा यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या अशाच युक्तीला ‘सेमाफोर’ हे रेल्वेच्या सिग्नलचेच नाव आहे. मात्र गोळा शिल्लक आहे का हे पाहणे आणि तो उचलणे यांत फट राहिली, तर दिवाणजींचीच गत व्हायची; म्हणून या दोन्ही गोष्टी एका दमात उरकणारी अखंड आज्ञा आजच्या प्रोसेसरांत मुद्दाम दिलेली असते.

एका वेळी एकालाच वहीला हात लावू देणाऱ्या अशा गोळ्यांना संगणकात कुलपे म्हणतात; त्यांचीही एक अडचण आहे. एकाने साठावही अडवून रोजकीर्दीची वाट पाहावी आणि दुसऱ्याने रोजकीर्द धरून साठावहीची, म्हणजे दोघेही कायमचे खोळंबतात. याला ‘डेडलॉक’ म्हणतात. दोन्ही वह्या लागणाऱ्याने आधी रोजकीर्दच उचलायची, एवढा क्रम सर्वांनी पाळला तर हा तिढा पडतच नाही.