संकरित गांजाचे 'संतुलन' नेमके कुठे असते?

कॅनडामध्ये २०१८ साली प्रौढांसाठी गांजा कायदेशीर झाला. तेथील परवानाधारक दुकानांत मालाची वर्गवारी ढोबळमानाने तीन शब्दांत केली जाते: इंडिका, सटायव्हा आणि हायब्रिड. इंडिकाने अंग सैलावते, सटायव्हाने तरतरी येते आणि ज्या संकरित वाणात दोघांचा वाटा निम्मा-निम्मा, तो 'संतुलित', असा समज ग्राहकांत पक्का रुजलेला आहे. हा समज सोपा असल्यामुळे टिकला असावा, कारण वनस्पतीच्या रसायनशास्त्राशी तो फारसा जुळत नाही.

मुळात या दोन नावांचाच प्रवास वाकडातिकडा आहे. स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ साली या वनस्पतीला 'कॅनाबिस सटायव्हा' असे नाव दिले. पुढे १७८५ साली फ्रेंच निसर्गशास्त्रज्ञ लामार्कने भारतातून आलेल्या नमुन्यांच्या आधारे 'कॅनाबिस इंडिका' ही वेगळी जाती वर्णिली. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मात्र अफगाणिस्तानातील बुटक्या, रुंद पानांच्या झाडांना इंडिका म्हणण्याची प्रथा पडली, आणि लांबट, अरुंद पानांची झाडे व्यापारात सटायव्हा ठरली. त्यामुळे केरळमधील उंच वाढणारे पारंपरिक वाण आज बाजारात सटायव्हा म्हणून ओळखले जातात, म्हणजे 'भारतीय' या अर्थाचे नाव भारताच्याच झाडांकडून निघून गेले. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत आणि नंतर नेदरलँड्समध्ये या दोन्ही तऱ्हांचे इतके संकर झाले की निव्वळ एका वंशाचे झाड व्यापारात सापडणे अवघड होऊन बसले. २०२१ साली 'नेचर प्लांट्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा शंभराहून अधिक नमुन्यांची जनुकीय तपासणी झाली, तेव्हा संपूर्ण जनुकसंचाच्या पातळीवर इंडिका आणि सटायव्हा ही लेबले एकमेकांपासून वेगळी काढता आली नाहीत. फरक दिसला तो मोजक्या सुगंधी टर्पीन रेणूंमध्ये. म्हणजे लेबल ठरते ते मुख्यतः वासावरून, आणि 'निम्मे-निम्मे' या आकड्याला जनुकांचा म्हणावा तसा आधार नाही.

मग संतुलन कुठे शोधायचे? त्यासाठी मादी झाडाचा फुलोरा भिंगाखाली धरावा लागतो. फुलांभोवतीच्या चिमुकल्या पानांवर काचेच्या टाचण्या टोचल्यासारखे असंख्य केस उभे दिसतात. प्रत्येक केसाच्या टोकाला एक पारदर्शक गोळा असतो आणि त्यात चिकट राळ साठलेली असते. बोट लावले की गोळा फुटतो, राळ बोटाला चिकटते आणि उग्र वास येतो. हिमाचलात झाडे तळव्यांमध्ये चोळून चरस काढतात, ती हीच राळ. या गोळ्याच्या तळाशी असलेल्या पेशींत सीबीजी-आम्ल नावाचा एक कच्चा माल तयार होतो आणि त्याच्यावर दोन विकरे, म्हणजे एन्झाइमे, काम करतात. एक विकर त्याचे टीएचसी-आम्ल बनवते, दुसरे सीबीडी-आम्ल. ही आम्ले तापवल्यावर टीएचसी आणि सीबीडी मिळतात. त्यांपैकी नशा येते ती टीएचसीने.

कच्चा माल एकच आणि गिऱ्हाइके दोन, हे सगळ्या प्रकरणाचे मर्म आहे. ज्या झाडात पहिलेच विकर कार्यक्षम असते ते टीएचसीप्रधान होते, ज्यात दुसरेच असते ते सीबीडीप्रधान होते, आणि दोन्ही कार्यक्षम असतील तर माल वाटला जातो. या तिसऱ्या तऱ्हेच्या झाडालाच रसायनाच्या दृष्टीने संतुलित म्हणता येईल. वाटणी दरवेळी अगदी समसमान होत नाही, पण दोन्ही द्रव्ये भरीव प्रमाणात आढळतात आणि एकट्या टीएचसीचे प्रमाण सहसा टोकाला जात नाही.

संशोधक एतिएन दे मायर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली याची आनुवंशिकता उलगडली. त्यांनी शुद्ध टीएचसीप्रधान आणि शुद्ध सीबीडीप्रधान वाणांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीतील झाडे मिश्र निघाली. त्या झाडांचे बी पुन्हा पेरल्यावर दुसऱ्या पिढीत टीएचसीप्रधान, मिश्र आणि सीबीडीप्रधान झाडे १:२:१ या प्रमाणात आली. मेंडेलच्या नियमांनुसार हे अपेक्षितच होते. संकरित ज्वारीचे घरचे बी पुढच्या हंगामात का पेरू नये, हे ज्या शेतकऱ्याला ठाऊक आहे त्याला यात नवल वाटणार नाही. संतुलन पहिल्या पिढीत जमते आणि बियांमधून विस्कटते, म्हणून असे वाण टिकवायचे तर निवडलेल्या झाडाच्या फांदीची कलमे लावत राहावे लागते. पुढे जनुकसंच वाचल्यावर असे दिसले की ही दोन जनुके एकाच जागेची दोन रूपे नसून एकाच गुणसूत्रावर एकमेकांजवळ आहेत. मात्र त्या भागात जनुकांची अदलाबदल इतकी कमी होते की वारसा देताना ती एका जनुकासारखी वागतात.

आता परिणामांचा प्रश्न. सीबीडी सोबत असले की टीएचसीचा त्रास कमी होतो, म्हणून संतुलित वाण सुरक्षित, असे हिरिरीने सांगितले जाते. लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी २०२२ साली ४६ निरोगी स्वयंसेवकांवर हे तपासले. १० मिलिग्रॅम टीएचसीबरोबर शून्य, १०, २० आणि ३० मिलिग्रॅम सीबीडी असलेला गांजा त्यांना वाफेतून दिला, तरी स्मरणशक्तीवरील आणि संशयग्रस्ततेसारख्या मानसिक लक्षणांवरील परिणाम सीबीडीमुळे कमी झाल्याचे आढळले नाही. 'संतुलित' हा शब्द वाचून निर्धास्त होणे मला म्हणूनच धोक्याचे वाटते, विशेषतः तरुणांच्या बाबतीत. भारतात तर १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार गांजा बाळगणे हा गुन्हा आहे, मग वाण कोणताही असो.

औषधनिर्मितीत हा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवला गेला. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातील स्नायूंच्या ताठरपणासाठी अनेक देशांत नॅबिक्सिमॉल्स हा तोंडात मारायचा फवारा वापरतात. त्याच्या प्रत्येक फवाऱ्यात २.७ मिलिग्रॅम टीएचसी आणि २.५ मिलिग्रॅम सीबीडी असते. ते मिळवण्यासाठी संकरित झाडावर भिस्त ठेवलेली नाही. टीएचसीप्रधान आणि सीबीडीप्रधान अशी दोन वाणे वेगवेगळी वाढवतात, प्रत्येकाचा अर्क वेगळा काढतात आणि मग दोन्ही मोजून एकत्र करतात.