हौसेचा कॅमेरा, पोटापाण्याचा कॅमेरा

‘लहानपणी हातात कॅमेरा आला आणि पुढे तोच व्यवसाय झाला.’ फोटोग्राफरांच्या परिचयात हे वाक्य हमखास असतं. १९०० सालाआधी ते जवळजवळ कुणालाच लिहिता आलं नसतं.

कारण सोपं आहे. १८५१ मध्ये फ्रेडरिक स्कॉट आर्चरने कोलोडियनच्या ओल्या काचेची पद्धत आणली. काचेवर रसायनांचा थर द्यायचा, ती ओली असतानाच फोटो घ्यायचा आणि सुकायच्या आत धुवायची. बाहेर फोटो काढायचा तर अंधारी राहुटी, बाटल्या, पाणी असं सगळं बिऱ्हाड सोबत न्यावं लागे. सिल्व्हर नायट्रेटने बोटं काळी पडत आणि फोटो पक्का करायला काही जण चक्क पोटॅशियम सायनाइड वापरत. हा खेळ पोराच्या हाती कोण देणार? कॅमेरा होता तो स्टुडिओवाल्यांकडे, नाहीतर पैसा आणि वेळ दोन्ही हाताशी असलेल्या मोठ्या माणसांकडे. पुढे नावाजलेली ब्रिटिश छायाचित्रकार ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिला पहिला कॅमेरा मिळाला १८६३ मध्ये, वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, लेक-जावयाची भेट म्हणून.

हे चित्र बदललं ते एका हौशी माणसामुळेच. जॉर्ज ईस्टमन हा अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या बँकेत कारकून होता. एका प्रवासासाठी म्हणून त्याने फोटोचं सामान घेतलं. तो प्रवास राहून गेला, पण हे अवजड लटांबर सोपं करायचं वेड मात्र डोक्यात बसलं. दिवसा बँक आणि रात्री आईच्या स्वयंपाकघरात रसायनांचे प्रयोग, असं काही काळ चाललं. १८८१ मध्ये त्याने नोकरी सोडली. त्याच्या कंपनीचा १८८८ चा कोडक कॅमेरा शंभर फोटोंचा रोल भरूनच विकला जाई. रोल संपला की अख्खा कॅमेरा कंपनीकडे धाडायचा. पण किंमत होती २५ डॉलर. खरी उलथापालथ केली ती फेब्रुवारी १९०० मध्ये आलेल्या ब्राउनीने. पुठ्ठ्याचा डबा, साधं भिंग, किंमत एक डॉलर आणि जाहिरात थेट मुलांना उद्देशून. पहिल्याच वर्षी लाखाहून जास्त कॅमेरे खपले. छंद म्हणून फोटो काढणाऱ्या मुलांची पहिली पिढी इथून सुरू होते.

छंद स्वस्त झाला म्हणून व्यवसाय सोपा झाला असं मात्र नाही. प्रतिष्ठेचा प्रश्नही होताच. अमेरिकन छायाचित्रकार अल्फ्रेड स्टिग्लिट्झने १८९९ मध्ये लिहिलं होतं की फोटोग्राफीतलं श्रेष्ठ काम जवळपास सगळं हौशी लोकांनीच केलं आहे. पैसे घेऊन फोटो काढणं त्या वर्तुळात काहीसं हलकंच मानलं जाई.

ब्राउनीच्या मुलांपैकी सर्वांत बोलकं उदाहरण अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सल अ‍ॅडम्सचं. १९१६ मध्ये, चौदाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या योसेमिटी दरीच्या सहलीत आईवडिलांनी त्याला ब्राउनी दिली. परतल्यावर तो एका फोटो धुणाऱ्याकडे अर्धवेळ काम करत डार्करूमही शिकला. इथपर्यंत गोष्ट सरळ वाटते. पण त्याला व्हायचं होतं पियानोवादक. वर्षानुवर्षं रियाज पियानोचा आणि उन्हाळ्यात डोंगर आणि कॅमेरा, असा दुहेरी संसार चालू होता. १९२७ मध्ये योसेमिटीतल्याच हाफ डोमच्या कड्याचं त्याचं गाजलेलं छायाचित्र झालं, तरी निर्णय होत नव्हता. १९३० मध्ये न्यू मेक्सिकोतल्या टाओसला छायाचित्रकार पॉल स्ट्रँडच्या निगेटिव्ह पाहिल्या आणि मग पियानो मागे पडला. ती वर्षं वाया गेली म्हणावीत, तर निगेटिव्ह म्हणजे स्वरलिपी आणि प्रिंट म्हणजे वादन, हा त्याचा पुढचा सगळा विचार त्याच रियाजातून आलेला आहे. एवढं करूनही घर निसर्गचित्रांवर चाललं नाही. योसेमिटीतल्या हॉटेल कंपनीच्या जाहिराती, कोडकसाठीची कामं, मासिकांच्या असाइनमेंट हे सगळं त्याला बरीच वर्षं करावं लागलं.

फ्रान्सच्या झाक आंरी लार्तिगची गोष्ट याच्या अगदी उलट. वडील श्रीमंत, सात-आठ वर्षांच्या पोराला स्वतःचा कॅमेरा मिळाला आणि त्याने धावत्या मोटारी, उड्या मारणारे नातेवाईक, पहिली विमानं टिपली. मोठेपणी तो स्वतःला चित्रकार म्हणवत राहिला. न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टने त्याचे फोटो मांडले १९६३ मध्ये. तेव्हा तो ६९ वर्षांचा होता.

या वाटा वाकड्या का, याचं उत्तर बहुधा माणसाच्या चंचल स्वभावात शोधलं जातं. मला ते निम्मंच पटतं. फोटोग्राफीत पैसे देणारी दारं सतत जागा बदलत आली आहेत आणि वाट त्या दारांच्या मागे वळत गेली आहे.

१९२५ मध्ये लायका हा जर्मन कॅमेरा बाजारात आला. लहान, झटपट आणि कुठेही नेता येणारा. १९३६ मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिक चित्रमय रूपात सुरू झालं. आता प्रसंगांचे फोटो विकत घेणारं गिऱ्हाईक तयार झालं होतं. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँकडे लहानपणी ब्राउनी होती, पण तो चित्रकार आंद्रे लोत यांच्याकडे चित्रकला शिकला, आफ्रिकेत जाऊन जिवावरच्या तापातून वाचला आणि मग कुठे लायकाकडे वळला. १९४७ मध्ये मित्रांसोबत त्याने ‘मॅग्नम’ ही छायाचित्रकारांची संस्था उभी केली. तिचं मर्म असं की फोटोचे हक्क काढणाऱ्याकडेच राहायचे. छंदातून आलेल्या माणसाला स्वतःच्या निगेटिव्हवर हक्क मिळणं ही केवढी मोठी गोष्ट होती, हे आज सहज ध्यानात येत नाही.

दार उघडं असलं की वयही आड येत नसे. स्टॅन्ली कुब्रिकला तेराव्या वर्षी वडिलांनी कॅमेरा दिला. १९४५ मध्ये रूझवेल्टच्या मृत्यूच्या बातमीने खिन्न झालेल्या पेपरवाल्याचा फोटो त्याने ‘लुक’ या अमेरिकन सचित्र नियतकालिकाला विकला आणि शाळा संपताच तिथे नोकरीला लागला. पुढे तो सिनेमाकडे गेला, तो भाग वेगळा. भारतातले नामवंत छायाचित्रकार रघु राय शिकले सिव्हिल इंजिनिअरिंग. थोरले बंधू एस. पॉल फोटोग्राफर होते आणि त्यांनीच रघुंनी काढलेला गाढवाच्या पिल्लाचा फोटो लंडनच्या ‘द टाइम्स’कडे पाठवला. तो छापून आला, इंजिनिअरिंग सुटलं. सगळ्यांसाठी दार सारखंच उघडत नसे. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार होमाई व्यारावाला यांचे सुरुवातीचे फोटो पती माणेकशॉ यांच्या नावाने छापले जात.

मग दारं मिटू लागली. ‘लुक’ १९७१ मध्ये बंद पडलं, ‘लाइफ’ची साप्ताहिक आवृत्ती १९७२ मध्ये. जाहिराती टीव्हीकडे गेल्या होत्या. १९७५ मध्ये कोडकच्याच स्टीव्ह सॅसनने डिजिटल कॅमेऱ्याचा पहिला नमुना जुळवला आणि २०१२ मध्ये कोडकने दिवाळखोरीचा अर्ज केला. २००० नंतर हौशी लोकांचे फोटो किरकोळ दरात विकणाऱ्या स्टॉक साइट आल्या. ज्या कामावर नवशिक्याचं घर चालायचं, ते काम दुसऱ्या नवशिक्याने जवळजवळ फुकटात करून टाकलं. मे २०१३ मध्ये ‘शिकागो सन-टाइम्स’ने आपले सगळे २८ छायाचित्रकार एका दिवसात कमी केले आणि बातमीदारांना फोनवर फोटो काढायचं प्रशिक्षण दिलं. कमी केलेल्यांत पत्रकारितेचा पुलित्झर पुरस्कार मिळालेले जॉन एच. व्हाइटही होते.

छंदातून येणाऱ्याला आज पगारी जागा क्वचितच मिळते. लग्नं, उत्पादनांचे फोटो, शिकवण्या, मधूनच एखादी असाइनमेंट, अशी तीन-चार कामं एकत्र बांधून तो महिना काढतो. ग्राहकही बहुधा संपादकामार्फत येत नाही, त्याचं काम फोनवर पाहून थेट येतो.