ब्रेकच्या पुढचं आधीच वाचलं तर?

समजा, रत्नागिरी बंदरातल्या पाण्याची उंची दर सहा मिनिटांनी सेंटिमीटरमध्ये नोंदवली आहे. दिवसाला २४० नोंदी, वर्षाला ८७,६००, प्रत्येक ३२ बिटांचा पूर्णांक. पाणी ३०० सेंमीच्या वर पहिल्यांदा कधी गेलं? लूप, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करणारा कोडचा तुकडा, एकेक नोंद बघतो आणि सापडली की ब्रेक, म्हणजे तिथेच बाहेर.

प्रोसेसरमधल्या २५६ बिटांच्या व्हेक्टर रजिस्टरात (अनेक आकडे एकत्र ठेवण्याच्या जागेत) अशा आठ नोंदी एकदम मावतात. आठही एकाच इन्स्ट्रक्शनमध्ये ३००शी ताडायच्या, की प्रत्येकीचं हो-नाही सांगणारा मास्क हाती येतो. सगळी शून्यं असतील तर पुढचा गट. नोंदी शून्यापासून मोजल्या आणि २४० ते २४७ या गटात २४५ आणि २४७ दोन्ही ३००च्या वर निघाल्या, तर आधीची धरायची: दुसऱ्या दिवशी रात्रीचे साडेबारा.

साध्या लूपचा असा व्हेक्टर लूप आपोआप करणं, हे एवढं सरळ दिसणारं काम जीसीसी या कंपायलरला (लिहिलेला कोड यंत्राच्या इन्स्ट्रक्शनमध्ये बदलणाऱ्या प्रोग्रॅमला) २०२४ सालच्या चौदाव्या आवृत्तीत जमू लागलं. अडचण हिशेबाची नव्हतीच. मूळ लूप २४५वर थांबतो, पुढच्या दोन नोंदींना शिवतही नाही. व्हेक्टर लूप त्या वाचून मोकळा झालेला असतो. ती मेमरी प्रोग्रॅमची नसेल, तर धडधाकट प्रोग्रॅम सेगमेंटेशन फॉल्टने, म्हणजे परवानगी नसलेली मेमरी वाचल्याच्या चुकीने, कोसळेल.

ॲरेचा (मेमरीत ओळीने ठेवलेल्या नोंदींचा) आकार कंपायलरला दिसत असेल तर प्रश्न मिटला. पण फंक्शनला नुसता पॉइंटर (पहिल्या नोंदीचा मेमरीतला पत्ता) आणि नोंदींची संख्या दिली असेल, तर ती संख्या म्हणजे फक्त लूपची कमाल मर्यादा. तेवढी मेमरी खरोखर आहे, याची हमी त्यात नाही.

इथे पत्त्याची युक्ती चालते. मेमरी वाचायची परवानगी पेजनुसार, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांनुसार, असते आणि पेज बहुधा ४,०९६ बाइटचं, म्हणजे ३२ बाइटचे बरोबर १२८ तुकडे. ३२च्या पटीतल्या पत्त्यावरून उचललेले ३२ बाइट दोन पेजांत पसरूच शकत नाहीत. गटातली पहिली नोंद मूळ लूपनेही वाचलीच असती, म्हणजे ते पेज वाचता येतं हे नक्की. त्यामुळे पत्ता पटीत येईपर्यंतच्या, जास्तीत जास्त सात, नोंदी साध्या लूपने उरकायच्या. मात्र प्रत्यक्ष उंची आणि भाकीत उंची असे दोन ॲरे सोबत वाचायचे असतील आणि त्यांचे पत्ते वेगवेगळे सरकलेले असतील, तर एकच पटीत बसतो. एआरएम प्रोसेसरांच्या एसव्हीई या व्हेक्टर विस्तारात आणि रिस्क-फाइव्ह प्रोसेसरांच्या व्हेक्टर विस्तारात यासाठी खास वाचन आहे: पहिल्या नोंदीवर फॉल्ट आला तरच तो खरा, पुढे आला तर तिथपर्यंतचंच वाचन ग्राह्य.

लिहिण्याचं दुखणं जास्त चिवट. तपासणीआधी लूप दुसऱ्या ॲरेत काही लिहीत असेल, तर २४६ आणि २४७च्या जागी नको ते लिहिलं जाईल, आणि प्रोग्रॅम कोसळणार नसल्याने कुणाला पत्ताही लागणार नाही. म्हणून कंपायलर आधी अख्खा गट तपासतो, मग लिहितो. गटात ब्रेक निघाला तर जीसीसी तो गट साध्या लूपकडे सोपवतं. पण हा क्रमबदल दोन्ही ॲरे एकमेकांवर चढलेले नसतील तरच चालतो. सीमध्ये ‘रिस्ट्रिक्ट’ लिहून तसं वचन देता येतं. भाजक शून्य दिसताच ब्रेक असेल, तर भागाकार तपासणीच्या आधी ओढता येत नाही. लूपमध्ये अनोळखी फंक्शन असेल तर कंपायलर नादच सोडतो, आणि ते बरोबरच आहे.

उत्तर पहिल्या पाच-सहा नोंदींतच मिळणार असेल, तर हा सारा खटाटोप तोट्याचा. तसं नसेल आणि तरीही कंपायलर ऐकत नसेल, तर लूप दोन पातळ्यांवर फोडावा: आत एका दिवसाच्या २४० नोंदींची कमाल, ब्रेक न लावता, बरोबर ३० गटांत, बाहेर दिवसागणिक ब्रेक. पूर्ण दिवस वाचण्याची जबाबदारी आता लिहिणाऱ्याची, म्हणून यंत्र मध्येच बंद पडलेला अर्धवट दिवस वेगळा हाताळावा लागतो.