काव्यहेतू : प्रतिभा, व्युत्पत्ती आणि अभ्यास

कवीच्या ठिकाणी काव्य कशामुळे उत्पन्न होते, याचा संस्कृत साहित्यशास्त्रातील विचार ‘काव्यहेतू’ या नावाने ओळखला जातो. उपजत शक्ती म्हणजे प्रतिभा. लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वसूरींची काव्ये यांच्या परिचयाने येणारी जाण म्हणजे व्युत्पत्ती. आणि जाणत्यांच्या हाताखाली पुनःपुन्हा केलेला सराव म्हणजे अभ्यास. ही तीन कारणे बहुतेक आचार्यांना मान्य आहेत. वाद आहे तो त्यांच्या परस्परसंबंधाचा, आणि त्यातूनच गुरूला नेमके काय देता येते हा प्रश्न पुढे येतो.

चर्चेचा आरंभ भामह आणि दंडी यांच्यापासून धरतात. दोघांत आधीचा कोण, हे निर्विवाद ठरलेले नाही. म. म. पां. वा. काणे यांनी दंडीला पूर्वीचा मानले, तर सुशीलकुमार डे यांनी भामहाला. अलीकडचे बहुतेक अभ्यासक भामहाच्या बाजूने झुकतात आणि उपलब्ध पुराव्यांवरून तेच अधिक संभवनीय वाटते. दोघेही स्थूलमानाने इ. स. सातव्या शतकाच्या आसपासचे असावेत. गुरूच्या उपदेशाने मंदबुद्धीचा माणूसही शास्त्र शिकू शकतो, काव्य मात्र क्वचित एखाद्या प्रतिभावंतालाच साधते, हे भामहाचे वचन प्रसिद्ध आहे. ते पुष्कळदा सुटे उद्धृत केले जाते आणि त्यामुळे भामह शिक्षणाला गौण लेखतो असा समज होतो. त्याच परिच्छेदात थोडे पुढे तो शब्द व अर्थ जाणून, जाणकारांची उपासना करून आणि इतरांच्या रचना पाहून मगच काव्यरचनेला लागावे असे सांगतो. दोन्ही वचने एकत्र वाचणेच योग्य. दंडीने नैसर्गिक प्रतिभा, निर्दोष बहुश्रुतता आणि अथक प्रयत्न अशी तीन कारणे दिली आहेत. पण लगेच पुढच्या श्लोकात, पूर्ववासनेतून (पूर्वजन्मीच्या संस्कारांतून) आलेली अद्भुत प्रतिभा नसली तरी श्रवणाने आणि यत्नाने उपासलेली वाग्देवी काही ना काही अनुग्रह करतेच, असा दिलासाही त्याने दिला आहे. हा श्लोक नवशिक्याला केवढा धीर देणारा आहे, याची दखल पुरेशी घेतली गेलेली नाही.

वामनाने (सु. ८००) प्रतिभानाला कवित्वाचे बीज म्हटले, परंतु काव्यांगांच्या यादीत त्याच्याच शेजारी ‘वृद्धसेवा’, म्हणजे काव्याचा उपदेश करणाऱ्या गुरूंची सेवा, हेही अंग ठेवले. चित्ताच्या एकाग्रतेसाठी एकांत स्थळ आणि रात्रीचा चौथा प्रहर त्याने सुचवला आहे. कोणाला शिकवावे याचा विचारही तो करतो. चोखंदळ रुची असलेले ‘अरोचकी’ आणि गवतासकट सारे गिळणारे ‘सतृणाभ्यवहारी’ असे कवींचे दोन वर्ग करून तो पहिल्यांनाच शिष्यत्वास पात्र ठरवतो, कारण त्यांच्या ठिकाणी विवेक असतो. त्यासाठी त्याने दिलेला दाखला निवळीच्या बीचा आहे : ती गढूळ पाणी निवळते, चिखल नव्हे.

पुढे रुद्रटाने प्रतिभेचेच सहजा (उपजत) आणि उत्पाद्या (व्युत्पत्तीने कमावलेली) असे दोन भेद करून सहजेला श्रेष्ठ मानले. व्युत्पत्तीच्या अभावाने आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो, शक्तीच्या अभावाचा दोष मात्र झटकन उघडा पडतो, असे आनंदवर्धन म्हणतो. ‘नवनवोन्मेषशालिनी प्रज्ञा’ ही प्रतिभेची बहुप्रचलित व्याख्या अभिनवगुप्ताचे गुरू भट्टतौत यांची. त्यांचा ग्रंथ आज उपलब्ध नाही.

राजशेखर (नववे-दहावे शतक) याचा विचार सर्वांत विस्तृत आहे. कनौजच्या प्रतीहारांच्या आश्रयाला असलेल्या या कवीने आपले पणजोबा अकालजलद यांना ‘महाराष्ट्रचूडामणी’ म्हटले आहे. त्याच्या नियोजित अठरा अधिकरणांच्या (विभागांच्या) ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथापैकी ‘कविरहस्य’ हे एकच अधिकरण हाती आले असून ते १९१६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत पहिले पुष्प म्हणून प्रसिद्ध झाले. तो प्रतिभेचे कारयित्री (कवीची) आणि भावयित्री (रसिकाची) असे दोन भाग करतो. कारयित्री पुन्हा तीन प्रकारची : पूर्वजन्मीच्या संस्कारांची सहजा, या जन्मीच्या संस्कारांची आहार्या आणि मंत्र-तंत्रादी उपदेशाने येणारी औपदेशिकी. गुरुकुलात जाणाऱ्या काव्यविद्यास्नातकापासून त्याने कवीच्या दहा अवस्था मोजल्या आहेत. मनातल्या मनात रचना करून ती लपवणारा ‘हृदयकवी’, दोष निघेल या भीतीने स्वतःची रचना दुसऱ्याची म्हणून वाचून दाखवणारा ‘अन्यापदेशी’ आणि पूर्वसूरींपैकी एखाद्याची छाया गिरवणारा ‘सेविता’ या त्यांतल्या तीन. शिकणाऱ्याचे मन इतक्या जवळून पाहिलेले वर्णन या शास्त्रात दुसरीकडे आढळत नाही.

खरा शास्त्रीय वाद मम्मट आणि जगन्नाथ यांच्यात दिसतो. मम्मटाच्या (अकराव्या शतकाचा उत्तरार्ध) कारिकेत, म्हणजे सूत्ररूप श्लोकात, शक्ती, निपुणता आणि काव्यज्ञाच्या शिक्षणाने केलेला अभ्यास अशी तीन नावे येतात, तरी शेवटी ‘हेतुः’ हे एकवचन आहे. वृत्तीत, म्हणजे त्या श्लोकावरील स्वतःच्या विवरणात, तो स्पष्ट करतो की, हे तिन्ही मिळून एकच हेतू होतात, तीन स्वतंत्र हेतू नव्हेत. तिघांपैकी एक गळाले तर उरलेल्या दोघांनी काम भागत नाही, असा याचा अर्थ होतो. सतराव्या शतकात पंडितराज जगन्नाथाने यावर आक्षेप घेतला. त्याच्या मते काव्याचे कारण केवळ प्रतिभा. तिचे स्वतःचे कारण मात्र कधी देवतेच्या वा महापुरुषाच्या प्रसादाने लाभलेले अदृष्ट (न दिसणारे पुण्य) असते, तर कधी विलक्षण व्युत्पत्ती आणि अभ्यास. बालवयातच, काही न शिकता, केवळ प्रसादाने प्रतिभा प्रकटलेली दिसते. तेथे पूर्वजन्मीचा अभ्यास कल्पिणे म्हणजे निष्कारण ‘गौरव’, म्हणजे तर्कातला अनावश्यक पसारा, असा त्याचा युक्तिवाद आहे. उलट, कितीतरी काळ एक ओळही न साधलेल्या माणसाला पुढे अध्ययनाने प्रतिभा आलेली दिसते. तेथे अदृष्टच कारण मानले, तर ती आधीच का आली नाही याचे उत्तर मिळत नाही. तर्काच्या दृष्टीने जगन्नाथाची मांडणी अधिक नेटकी आहे, कारण अभ्यासाला तो प्रतिभेचा प्रतिस्पर्धी न करता तिचा जनक करतो. हेमचंद्राने (बारावे शतक) प्रतिभा हाच हेतू मानून व्युत्पत्ती व अभ्यास यांना तिचे संस्कारक म्हटले होते. त्याच्यापेक्षा जगन्नाथ एक पाऊल पुढे गेला. अध्यापनाच्या दृष्टीने मात्र मम्मटाची भूमिका मोलाची ठरते. काव्य करणे आणि त्याचा विचार करणे या दोन्ही गोष्टी जाणणाऱ्यांच्या उपदेशाने अभ्यास व्हावा, असे तो सांगतो. म्हणजे काव्यज्ञ गुरू हेतूच्या व्याख्येतच येतो.

प्रत्यक्ष शिकवण्याची रीत क्षेमेंद्राने (अकरावे शतक, काश्मीर) आपल्या ‘कविकण्ठाभरण’ या छोट्या ग्रंथात दिली आहे. शिष्य तीन प्रकारचे : अल्पप्रयत्नसाध्य, कृच्छ्रसाध्य आणि असाध्य. पहिल्याने साहित्य जाणणाऱ्याकडेच शिकावे. निव्वळ तार्किक किंवा निव्वळ वैयाकरण गुरू करू नये, तो सूक्तीच्या बहराला विघ्न ठरतो. दुसऱ्याला कालिदासाची काव्ये समग्र वाचायला लावावीत आणि आधी अर्थाची काळजी न करता केवळ पदे जुळवून वृत्त पक्के करून घ्यावे. त्यानंतर येते पदांची अदलाबदल. ‘रघुवंशा’च्या मंगलश्लोकातील ‘वागर्थाविव संपृक्तौ’ हा चरण ‘वाण्यर्थाविव संयुक्तौ’ असा आणि ‘पार्वतीपरमेश्वरौ’ हे पद ‘शर्वाणीशशिशेखरौ’ असे बदलून, अर्थ व वृत्त दोन्ही कायम ठेवलेला नमुना त्याने दिला आहे. मूळ शब्द कालिदासाने का निवडला हे विद्यार्थ्याला या खटाटोपातच उमगते. या रीतीचे खरे मर्म तेथे आहे. व्याकरणाने नष्ट वा तर्काने दग्ध झालेला तिसरा शिष्य कितीही शिकवले तरी कवी होत नाही, असे क्षेमेंद्राचे मत आहे.

मराठीत या विषयाची शास्त्रीय चर्चा प्रामुख्याने विसाव्या शतकातील साहित्यशास्त्रविषयक ग्रंथांतून झाली, त्यांत ग. त्र्यं. देशपांडे यांचे ‘भारतीय साहित्यशास्त्र’ उल्लेखनीय आहे. प्राचीन मराठी कवींच्या बाबतीत दोन धारा वेगळ्या कराव्या लागतात. ज्ञानेश्वर आपल्या वाणीचे सारे श्रेय निवृत्तिनाथांच्या कृपेला देतात. ही भूमिका मम्मटाच्या काव्यज्ञशिक्षेपेक्षा जगन्नाथाच्या महापुरुषप्रसादाला जवळची आहे. पंडित कवींची वाट निराळी. मोरोपंतांचे (१७२९–९४) संस्कृत अध्ययन पन्हाळ्यास केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे झाले. ओष्ठ्य वर्ण पूर्णतः टाळून त्यांनी रचलेले ‘निरोष्ठ रामायण’ अभ्यासाच्या टोकाचे उदाहरण म्हणून पाहण्यासारखे आहे.