स्टीमर लेन

अमेरिकेच्या कॅलिफोर्निया राज्यातील सांता क्रूझ शहरालगत, माँटेरे उपसागराच्या उत्तर टोकाशी असलेले थंड पाण्यातील सर्फिंगचे ख्यातनाम ठिकाण. लाइटहाउस पॉइंट या भूशिराखाली समुद्र थेट कड्याला भिडतो; पायाखाली वाळू लागते ती पूर्वेकडच्या कॉवेल्स किनाऱ्यावर, जिथे नवशिके लाटांवर उभे राहायला शिकतात.

हिवाळ्यात उत्तर पॅसिफिकमधील वादळांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात. भूशिराला वळसा घालताना तळाच्या उथळ खडकामुळे त्या वळतात आणि एकदम न कोसळता एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फुटत जातात, म्हणून फळीवर उभ्या राहिलेल्याला लाटेच्या न फुटलेल्या अंगावरून उजवीकडे लांबवर घसरत जाता येते. अनुभवी सर्फर पायऱ्या उतरण्याऐवजी खडकाच्या कडेवर फळी काखेत धरून थांबतो, पाणी चढून आले की उडी टाकतो आणि ओसरत्या पाण्याबरोबर बाहेर निघतो. हा क्षण चुकला तर पुढची लाट त्याला खडकावर आपटते.

येथील पाणी साधारण १० ते १५ अंश सेल्सियस असते. उत्तरेकडून येणारा कॅलिफोर्निया प्रवाह आणि वसंतात वाऱ्यामुळे वर येणारे खोल समुद्राचे पाणी, ही त्याची कारणे. १८८५ मध्ये हवाईच्या तीन राजपुत्रांनी जवळच्या सॅन लोरेन्झो नदीच्या मुखाशी रेडवुडच्या फळ्यांवर सर्फिंग केले. अमेरिकेच्या मुख्य भूमीवरील ही सर्वांत जुनी ज्ञात नोंद आहे. तरीही हा खेळ येथे बारमाही झाला तो निओप्रीन या कृत्रिम रबराच्या, अंगाला घट्ट बसणाऱ्या पोशाखामुळे, म्हणजे वेटसूटमुळे. या रबरातील वायूचे सूक्ष्म बुडबुडे अंगातील ऊब धरून ठेवतात. वेटसूटच्या शोधाचे श्रेय भौतिकशास्त्रज्ञ ह्यू ब्रॅडनर यांना देणे योग्य ठरते. मात्र तो सर्फरांच्या अंगावर चढवला १९५९ मध्ये सांता क्रूझला दुकान आणणाऱ्या जॅक ओनील यांनी. फळी घोट्याला बांधणारी दोरी १९७० च्या दशकात रूढ झाली. त्याआधी हातून सुटलेली फळी कड्यावर फुटत असे आणि गारठलेल्या माणसाला पोहतच तिच्यामागे जावे लागे.

कड्यावरून सर्फर अगदी जवळून दिसतात, त्यामुळे येथे प्रेक्षकांची कायम वर्दळ असते. तेथील दीपगृहात १९८६ पासून सर्फिंगचे संग्रहालय आहे. मात्र हा ठिसूळ कडा सतत झिजतो आहे. जानेवारी २०२३ च्या वादळांत त्यावरील वेस्ट क्लिफ ड्राइव्ह या रस्त्याचे काही भाग ढासळले. समुद्राची पातळी वाढून खडकावरील पाणी खोल झाले, तर लाटांचे फुटणेही बदलेल.