मुंबई–दुबई हवाई अंतर व प्रवासकाल

मुंबईचा छत्रपती शिवाजी महाराज विमानतळ आणि दुबई आंतरराष्ट्रीय विमानतळ यांच्यातील सरळ हवाई अंतर सुमारे १,९२७ किमी, म्हणजे १,०४० सागरी मैल आहे. पृथ्वीच्या गोलावर मोजलेले हे सर्वांत कमी अंतर. प्रत्यक्षात ठरलेल्या हवाई मार्गांची वळणे घ्यावी लागत असल्याने विमान याहून थोडे जास्तच उडते. थेट विमानाला मुंबईहून जाताना वेळापत्रकात साधारण सव्वातीन तास धरलेले असतात, तर परतताना तीन तासांच्या आतबाहेर.

दुबई मुंबईच्या वायव्येला आहे. उड्डाणानंतर काही मिनिटांतच विमान अरबी समुद्रावर येते आणि बहुतेक वाट पाण्यावरूनच काटते. शेवटच्या टप्प्यात सहसा ओमानचा किनारा आणि हजर पर्वत लागतो.

जाण्या-येण्याच्या वेळांत फरक पडतो तो वाऱ्यामुळे. हिवाळ्यात साधारण २५ ते ३० उत्तर अक्षांशांच्या पट्ट्यात, विमाने उडतात त्या उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगवान वारे वाहतात. ताशी ८५० किमी वेगाच्या विमानाला ८० किमीचा वारा समोरून आला, तर हे अंतर कापायला अडीच तास लागतात. तोच वारा पाठीशी असेल तर दोन तास चार मिनिटे. पावसाळ्यात हा प्रवाह हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि फरक बराच कमी होतो. हे झाले निव्वळ उडण्याचे गणित. वेळापत्रकातील आकड्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, चढणे-उतरणे हे सारे धरलेले असते. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत; गर्दीच्या वेळी उतरणाऱ्या विमानांना घिरट्या घालाव्या लागतात.

तिकिटावरील वेळा नुसत्या वजा केल्या तर मात्र भलतेच उत्तर येते. दुबईचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे आहे. मुंबईहून सकाळी १० वाजता निघालेले विमान दुबईत पावणेबाराला उतरते. परतीच्या विमानाला घड्याळात साडेचार तास लागल्यासारखे दिसतात. गंमत अशी, की सूर्याच्या हिशेबाने दोन्ही शहरांत जेमतेम ७० मिनिटांचे अंतर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर बेतलेली असल्याने मुंबईचे घड्याळ सूर्याच्या ३९ मिनिटे पुढे चालते. १९५५ पर्यंत शहरात वापरात असलेली ‘मुंबई वेळ’ टिकली असती, तर दुबईशी फरक ५१ मिनिटांचाच राहिला असता.

या वाटेवरची वर्दळ विमानांच्या कितीतरी आधीची आहे. मुंबई आणि आखाती बंदरे यांच्यात गलबते आणि पुढे आगबोटी ये-जा करत. ब्रिटिश इंडिया कंपनीची ‘द्वारका’ ही बोट १९८२ पर्यंत चालू होती. होर्मुझच्या सामुद्रधुनीतून वळसा घालून जाणाऱ्या त्या प्रवासाला दिवस लागत, शिवाय वाटेत कराचीसारखी बंदरे घेतली जात. एमिरेट्सने २५ ऑक्टोबर १९८५ रोजी सेवा सुरू केली, तेव्हा तिच्या पहिल्या ठिकाणांत कराची आणि दिल्लीबरोबर मुंबईही होती.